मिटत जाणाऱ्या मुठीतली कातर

ट्रकखालून निखळलेला लोखंडी पाटा.

तळहातावर, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, तुरीच्या दाण्याएवढी गाठ.

गारखेड्यातली तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. तिथून मेंढरू दिसत नाही, मोटारींची छपरं दिसतात.

कोकराच्या पायाला बांधलेल्या बांबूच्या कामट्या.

एक बारीक सुई.

तोंड धुताना डोळ्यात गेलेलं स्वतःचंच बोट.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांच्या ओळखीचे नाहीत असं तुम्हाला वाटेल. पण मी सांगणार ते तुकड्यांतच, कारण तुकडे करणं हाच माझा जन्माचा धंदा. मी लोकर कातरायची कातर. लोखंडाची, म्हातारी, दांड्यांपाशी गुळगुळीत झालेली. माझं सगळं आयुष्य एकाच हातात गेलं, आणि तो हात हळूहळू मिटत गेला. ती हकीकत सांगते.

कच्.

तुमच्या घरातल्या कात्रीला मधे खिळा असतो. मला नाही. सिल्लोडच्या रस्त्याला पाल टाकून बसलेल्या एका लोहारानं ट्रकचा जुना पाटा तापवला, ठोकून पातळ केला, मधोमध वाकवला आणि दोन्ही टोकांना धार दिली. एकच पट्टी, मधे कमान, टोकांना दोन पाती. एवढीच मी. पाट्याचं लोखंड ट्रकखाली असताना दबायचं आणि पुन्हा उठायचं. ती सवय माझ्यात उतरली. मला दाबलं की मी मिटते, सोडलं की आपोआप उघडते. मिटणं हाताचं काम आणि उघडणं माझं, अशी आमची वाटणी.

मला घ्यायला आला तो मल्हारी. तेव्हा त्याला नुकतीच मिशी फुटली होती आणि वडिलांच्या मागं कळप त्याच्याकडं आला होता. लोहार म्हणाला, "हात दाखव." मल्हारीनं हात पसरला. लोहारानं त्याच्या बोटांची लांबी पाहिली आणि माझे दांडे तेवढेच ठेवले.

"दुसऱ्याला देऊ नको बरं. त्याच्या हाताला बसायची नाय."

"मह्याच हाताला बसू दे. मला काय भाड्यानं द्यायचीय?" मल्हारी म्हणाला.

कच्.

फर्दापूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला मल्हारीची वस्ती. लेणी बघायला जाणाऱ्या गाड्या कधी कधी थांबतात, लोक खाली उतरून मेंढरांचे फोटो काढतात आणि जातात. मेंढरं कशानं एवढी गोजिरी दिसतात ते त्यांना माहीत नसतं. ते मला माहीत होतं.

वर्षातून दोनदा कातरणी व्हायची, पाऊस सरल्यावर एकदा आणि होळीच्या सुमाराला एकदा. त्या दिवशी आजूबाजूचे धनगर आपापली कातर घेऊन यायचे. मजुरी कुणी घ्यायचं नाही. ज्याची मेंढरं, त्यानं जेवू घालायचं. पण या वस्तीत एक रीत फार कडक होती. पहिली मेंढी मालकानं स्वतः कातरायची, शेपटीपासून मानेपर्यंत, एकट्यानं. तिची लोकर भंडारा लावून बिरोबापुढं ठेवली की मगच बाकीच्यांनी कातर उचलायची. आणि ज्या मालकाच्या हातून पहिली मेंढी पुरी होणार नाही, त्यानं त्या दिवसापासून कळप घरातल्या पुढच्या माणसाच्या स्वाधीन करायचा. यावर कधी भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. हात थकला की माणूस आपणहून कातर खाली ठेवायचा.

मल्हारीची बायको सखूबाई मेंढीचे पाय धरायची आणि मल्हारी मला चालवायचा. मी उघडायचे, तो मिटायचा. लोकर एका अंगानं घोंगडीसारखी उलगडत खाली यायची. वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे धोंडिबातात्या झाडाखाली बसून बघायचे आणि म्हणायचे, "मल्हारीच्या हाताखालून मेंढी उठती अन् तिला ऊन लागलं की मग कळतं, आपली लोकर गेली म्हणून."

मित्रांनो, मी लोखंडाची असले तरी असलं बोलणं मला गोड लागायचं.

पुढं लोकरीला गिऱ्हाईक राहिलं नाही. कातरलेली लोकर बांधाला पडून कुजू लागली. काहींनी बॅटरीवर चालणारी यंत्रं आणली. माझ्या बरोबरीच्या कितीतरी कातरी आढ्याला खोचलेल्या राहिल्या आणि तिथंच गंजल्या. पण लोकर विकली जावो न जावो, उन्हाळ्यात ती मेंढीच्या अंगावर ठेवून चालत नाही. आणि पहिली मेंढी मल्हारी माझ्यानंच कातरत राहिला.

कच्.

गाठ सगळ्यांच्या आधी मला लागली. माझा खालचा दांडा जिथं टेकतो, नेमकी तिथं. आधी वाटलं, लोकरीतला खडा अडकला. मग लक्षात आलं, खडा कातडीच्या आत आहे.

ती दुखत नव्हती. दुखली असती तर मल्हारीनं तिच्याकडं पाहिलं असतं. जे दुखत नाही त्याला वस्तीवर दुखणं म्हणत नाहीत. सखूबाईनं हात उलटून पाहिला आणि म्हणाली, "घट्टा पडला. कातरच लई ताठ हाय ही." तिनं माझ्या दांड्यांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. चिंधीच्या आत मी गप्प राहिले. मलाही वाटू लागलं की हे माझ्यामुळंच झालं.

मग गाठीतून एक दोरी निघाली. खरी दोरी नव्हे. कातडीखाली, तळहातापासून बोटापर्यंत, ताणलेल्या दोरीसारखा उंचवटा. करंगळीशेजारचं बोट तळहाताकडं झुकायला लागलं. काही महिन्यांनी करंगळीही त्याच्यामागं गेली. मल्हारी दुसऱ्या हातानं बोट सरळ करायला जायचा, पण ते एका जागी अडायचं. पुढं जायचं नाही.

मित्रांनो, इथं वाचणं थांबवा. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडं मिटा. दोऱ्यानं बांधा. आता तोंड धुवा. खिशात हात घाला. आजोबांना नमस्कार करा. तांब्यात हात घालून तांब्या घासा. टाळी वाजवून बघा.

सोडा आता दोरा. मल्हारीला तो सोडता येत नव्हता.

तोंड धुताना त्याचं बोट त्याच्याच डोळ्यात जायचं. डोळा लाल झाला की तो म्हणायचा, कुसळ गेलं. धोंडिबातात्या चेष्टा करायचे.

"काय रे मल्हारी, मुठीत काय लपवलं? दाखव की."

"तुमचीच तंबाखू हाय, तात्या. मागशाल म्हणून मिटून धरली."

सगळे हसायचे. मल्हारीही हसायचा आणि मूठ मांडीखाली घ्यायचा.

कच्.

मागच्या वर्षी पाऊस सरल्यावर कातरणी होती. मल्हारीचा मुलगा भारत सुट्टी काढून आला होता. भारत संभाजीनगरला कंपनीत कामाला आहे, गारखेड्यात राहतो. मेंढरांमागं फिरणं त्यानं केव्हाच सोडलं.

सखूबाईनं पहिल्या मेंढीचे पाय धरले. मल्हारीनं मला उचललं आणि दाबलं. मी मिटले. मग त्यानं सोडलं आणि मी उघडायला गेले, तर उघडता येईना. त्याची दोन बोटं माझ्या खालच्या दांड्याभोवती तशीच वळलेली होती. मी जेमतेम अर्धी उघडले. लोकरीचे तुकडे पडू लागले, मधे मधे झुपके राहू लागले. मानेपाशी येताना त्यानं जोर केला, मी तिरपी गेले आणि मेंढीच्या कातडीत शिरले.

रक्त आलं. सखूबाईनं हळद दाबली. मेंढी ओरडली नाही, नुसती थरथरली.

मल्हारीनं मेंढी पुरी केली. पण ऊन चढेपर्यंत तो त्या एकाच मेंढीवर होता, आणि तोवर कातरी, यंत्रं घेऊन बसलेले सगळे धनगर दुसरीकडं बघत होते.

जेवणं झाल्यावर भारत म्हणाला, "आबा, होळीला काय तुमच्यानं पहिली मेंढी होत नाय. मला तर कातरता येत नाय. मग कळप कुणाकडं द्यायचा? विकून टाकू. तुम्ही दोघं गारखेड्याला चला."

"होळीला अजून टाइम हाय," मल्हारी म्हणाला.

एवढंच. पण त्या दिवसापासून वस्तीवर सगळ्यांना ठाऊक झालं की होळीला काय ठरायचं आहे.

कच्.

इथं एक चूक घडली. मेंढ्या राखणाऱ्या माणसाच्याच हातून घडावी अशी ती चूक होती.

कधी कधी कोकरू जन्मतं तेव्हा त्याचे पुढचे पाय गुडघ्यात वळलेले असतात. उभं राहिलं की ते मनगटावर चालतं. धनगर घाबरत नाही. बांबूच्या दोन कामट्या घेतो, पाय हळू सरळ करतो आणि लोकरीच्या दोऱ्यानं बांधून टाकतो. थोड्या दिवसांत कोकरू उड्या मारायला लागतं. मल्हारीनं अशी पुष्कळ कोकरं उभी केली होती.

त्यानं आपल्या बोटाला कामट्या बांधल्या.

लोकरीच्या दोऱ्यानं, घट्ट, दातात टोक धरून. बोट सुजलं, काळंनिळं पडलं. सखूबाई सोडायला सांगायची, तो म्हणायचा, "कोकराचं होतं, मव्हं काऊन नाय व्हणार?" महिनाभर असं चाललं. कामट्या सोडल्या की बोट हळूहळू आपल्या जागी जायचं, दावणीला सवयीनं जाऊन उभ्या राहणाऱ्या जनावरासारखं.

कोकराचं अंग कोवळं असतं, ते वाढतं. मल्हारी साठीच्या पुढचा होता. त्याच्या हातात आखडत होतं ते वेगळंच काही होतं. पण ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग एका दुपारी मेंढरं बोरीच्या सावलीत बसली असताना त्यानं मला दगडावर घासलं. एवढी धार त्यानं मला कधी लावली नव्हती. डाव्या हातात मला धरलं आणि माझं टोक उजव्या तळहातावर, त्या दोरीवर टेकवलं.

सखूबाई पाण्याची कळशी घेऊन येत होती.

"आवं! काय करू राहिले?"

"काही नाय. एवढी दोरी तोडली की बोट मोकळं."

"दोरी हाय का शीर हाय, तुम्हाला काय ठाव?"

"मेंढराचं गळू फोडतो ना मी? खुरात काटा मोडला तर काढतो ना?"

"मेंढरू शिव्या देत नाय म्हणून काढता. द्या इकडं ती."

त्यानं दिली नाही. तेव्हा सखूबाईनं कळशी खाली ठेवली, त्याच्यासमोर बसली आणि आपला तळहात त्याच्या तळहातावर ठेवला. माझं टोक आता तिच्या हातावर होतं.

"कापा," ती म्हणाली. "आधी मव्हा हात कापंल, मग तुमच्या दोरीला लागंल."

मित्रांनो, मला हलता येत नाही याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

मल्हारीनं मला खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाईनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातलं आणि नवऱ्याला एसटीत बसवलं. निघताना धोंडिबातात्या म्हणाले, "औरंगाबादला मेंढरं कातरायला चालली का गं?"

"डॉक्टरला दाखवायला, तात्या. हिच्यानंच झालंय सगळं. पुरावा नको का?"

कच्.

सखूबाईचा रात्री फोन गेल्यावर भारतच्या बायकोनं, योगिनीनं, क्रांती चौकाजवळ हाताच्या डॉक्टरांकडं नंबर लावून ठेवला होता. दारातल्या रखवालदारानं पिशवी चाचपली.

"मौसी, ये क्या लाए?"

"कातर हाय. मेंढरं कातरायची."

"इधर तो मेंढरं नहीं आते."

"आणलंय ना एक," सखूबाई नवऱ्याकडं बोट करून म्हणाली. रखवालदार हसला आणि पिशवी आपल्याजवळ ठेवायच्या ऐवजी आत सोडली.

डॉक्टर तनुजाबाई वयानं योगिनीएवढ्या होत्या. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "बाबा, हात टेबलावर पालथा ठेवा. सपाट."

मल्हारीनं ठेवला. हात सपाट बसला नाही. तळहात आणि टेबल यांच्यामध्ये पालासारखी पोकळी राहिली आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसला.

"ही शीर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तळहाताच्या कातडीखाली एक पातळ पडदा असतो. तो काही लोकांचा जाड होतो, आखडतो, त्याचा दोर बनतो आणि तो बोटाला ओढतो. जिवाला धोका नाही. पण आपोआप सुटतही नाही. तुमच्या घरात कुणाची बोटं अशी होती?"

मल्हारी विचार करू लागला. मग म्हणाला, "बापाची. आम्ही म्हणायचो, म्हातारपणानं वाकली."

"बहुतेक तिथूनच आलंय. शुगर तपासली कधी?"

सखूबाईला राहवलं नाही. तिनं मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "बाई, खरं सांगा. ह्या कातरीनं झालंय ना?"

डॉक्टरांनी मला उचललं, दाबून पाहिलं. त्यांना मला पुरतं मिटवता आलं नाही. "केवढी ताठ आहे हो! पण हिला दोष देऊ नका. कातर न धरणाऱ्यांनाही हा आजार होतो."

मित्रांनो, इतकी वर्षं चिंधी गुंडाळून घेतल्यावर कुणी असं म्हणालं तर काय वाटतं, ते सांगायला माझ्याकडं शब्द नाही. मला फक्त एकच आवाज येतो, आणि तो इथं चालणार नाही.

"काल ह्यांनी हिच्यानं दोर कापायला घेतला होता," सखूबाईनं सांगून टाकलं.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी कागदावर बोट काढलं आणि त्याच्या बाजूनं एक बारीक रेघ ओढली. "बोटाला जाणीव देणारी नस या दोराला अगदी लागून जाते. कधी कधी त्याला वेढा घालते. ती तुटली असती तर बोट कायमचं मुकं झालं असतं."

मल्हारीनं हात टेबलावरून काढून मांडीवर घेतला. सखूबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

मग डॉक्टरांनी वाटा सांगितल्या. एक, काहीच करायचं नाही. पण जितकं जास्त वाकेल तितकं पुढं सरळ करणं अवघड. दुसरी, हात बधिर करून बारीक सुईनं दोर आतल्या आत जागोजाग तोडायचा आणि बोट ताणायचं. त्याच दिवशी घरी. पण दोर आतच राहतो, त्यामुळं लवकर परत धरू शकतो. तिसरी, ऑपरेशन. तळहात उघडून दोर काढून टाकायचा. ते जास्त वर्षं टिकतं. पण जखम भरायला आठवडे, मग काही महिने व्यायाम आणि झोपताना पट्टी. शुगर असली तर आणखी सांभाळावं लागतं. परदेशात एक इंजेक्शन देतात, ते इकडं सहज मिळत नाही.

"अन् करंगळीचं मधलं पेर बरेच दिवस वाकलेलं आहे. ते कशानंही पूर्ण सरळ होईलच असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही सांगा. या हातानं तुम्हाला काय करायचंय?"

मल्हारीनं मला उचललं. हातात धरलं, दाबलं, सोडलं. मी अर्धीच उघडले.

"हिला उघडू द्यायचंय," तो म्हणाला.

कच्.

गारखेड्यातल्या घरात त्या संध्याकाळी चहा निवून गेला. मी गॅलरीतल्या खुर्चीवर पिशवीत होते. सगळं ऐकू येत होतं.

"ऑपरेशनच करा, आबा. एकदाच काय ते," भारत म्हणाला.

"अन् होळी?"

"होळीचं काय घेऊन बसले? हात भरायला उन्हाळा जाईल. तोवर कळप मी बघतो कुणाला द्यायचा ते."

"तुला हात बरा करायचाय का कळप काढायचाय?" सखूबाई म्हणाली. "एक काय ते बोल."

"माय, मला काय मेंढरांचा राग हाय का? ह्यांच्या डोळ्यात बोट जातं, ते मला बघवत नाय."

कुसळाची बतावणी भारतनं ओळखली होती, हे मल्हारीला तेव्हा कळलं.

योगिनी सासऱ्यांना म्हणाली, "मामा, मी डॉक्टरांना बाहेर विचारलं. सुई केली तरी पुढं ऑपरेशन करता येतं. ती वाट बंद होत नाही. पण दुसऱ्या खेपेला आत वण असतात, काम अवघड होतं. अन् होळीसाठी म्हणून घाईनं ठरवू नका. हाताचं बघून ठरवा."

"परत येणार म्हणतात ना ते सुईचं!" भारत म्हणाला. "दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, कधी ते सांगता येत नाय म्हणे. परतच यायचं तर मग करायचं कशाला?"

मल्हारी उठून गॅलरीत आला. पिशवीवर हात ठेवून उभा राहिला. खाली मोटारींची छपरं होती. आत वळून तो म्हणाला,

"भारत, मेंढीची लोकर कातरली तर परत येती का नाय?"

"येती."

"मग आपण कातरायची सोडली का?"

मल्हारी आत येऊन भारतशेजारी बसला.

"परत येईल तवा परत जाऊ. तवा ऑपरेशन म्हणले तर ऑपरेशन. मुळातून गेलं पाहिजे असं मह्यासमोर आजवर काहीच आलं नाय. लोकर नाय, गवत नाय, मेंढराच्या अंगावरची गोचीड नाय. हे पण तसलंच एक. बघत राहायचं अन् वेळंवर हात घालायचा. कामट्या बांधून महिना घालवला, ते चुकलं मव्हं. परत तसं नाय करणार."

मित्रांनो, तुम्ही त्याच्या जागी असता तर कदाचित दुसरं काही निवडलं असतं. तेही चूक ठरलं नसतं. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं. वाट ज्यानं त्यानं निवडायची, पण नीट विचारून, सगळं ऐकून.

कच्.

सुईच्या दिवशी मी सखूबाईच्या मांडीवर, पिशवीत, बंद दाराबाहेर होते. पाहिलं काही नाही. ऐकलं. आतून मल्हारीचा आवाज आला.

"बाई, टक् झालं."

"तुटला एक पदर. हलू नका."

मग आणखी एक टक्. सखूबाई पिशवीचे बंद पिळत बसली होती.

तो बाहेर आला तेव्हा हाताला मोठी पांढरी पट्टी होती. करंगळीशेजारचं बोट सरळ होतं. करंगळी पुरती सरळ झाली नव्हती. सखूबाईनं बोटांकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "चला, भाकर खाऊन घ्या."

पुढं कितीतरी दिवस गारखेड्यात त्याला झोपताना पट्टी बांधायची आणि दिवसातून अनेकदा हात उघडायचा, मिटायचा. योगिनी समोर बसून करवून घ्यायची. "मामा, अजून. अजून थोडं." मल्हारी कंटाळायचा. "तू तर धोंडिबातात्याहून कडक हायेस." मला वाटायचं, आता उघडायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं. आमची वाटणी बदलली.

कच्.

होळीच्या आधी कातरणी झाली. भारत आला, आणि या वेळी त्यानं खाली बसून मेंढीचे पाय धरले. त्याला ते नीट जमत नव्हतं. मेंढीनं त्याला लाथ घातली तेव्हा धोंडिबातात्या म्हणाले, "कंपनीत असं कुणी लाथ मारत नसंल, न्हाय का?"

"मारतात तात्या, पण पायानं नाय," भारत म्हणाला.

सखूबाईनं माझी चिंधी सोडून टाकली होती. मल्हारीनं मला उचललं आणि दाबलं. मी मिटले. त्यानं सोडलं. मी उघडले. पूर्ण नाही. करंगळी मधे होती. पण पुरेशी. लोकर एका अंगानं उतरू लागली. मानेपाशी तो थांबला, श्वास घेतला आणि मला हलक्या हातानं वळवलं. मधेच भारत म्हणाला, "आबा, थकले का?" मल्हारी म्हणाला, "पाय धर तू. उघडू राहिली ना ती."

मेंढी उठली. ओरखडा नव्हता. दोन ठिकाणी झुपके राहिले होते, तेही त्यानं पुन्हा काढले. पहिली लोकर भंडारा लावून बिरोबापुढं गेली, आणि मग इतरांची यंत्रं घुरघुरू लागली. दुसऱ्या मेंढीला मल्हारीनं हात लावला नाही. मला पुसून मांडीवर ठेवून तो सावलीत बसला. कळप त्याचाच राहिला.

आता त्या गोष्टीला काही महिने झाले. परवा त्यानं मला धरलं तेव्हा तळहातावर, जुन्या जागेच्या जरा वर, मला पुन्हा काहीतरी लागलं. फार लहान. ते त्यालाही लागलं. तो घाबरला नाही. त्यानं दारातल्या फरशीवर हात पालथा ठेवला, वाकून खालून उजेड दिसतो का ते पाहिलं आणि सखूबाईला म्हणाला, "योगिनीला फोन लाव. डॉक्टरबाईला दाखवून येतो."

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर तुमच्या घरातल्या वडील माणसाला हात टेबलावर पालथा ठेवायला सांगा. खाली उजेड दिसला, किंवा तळहातावर न दुखणारी गाठ लागली, तर हसू नका, तेल चोळत बसू नका, कामट्या बांधू नका. सोबत जा, दवाखान्यात दाखवा, आणि डॉक्टर सांगतील त्या सगळ्या वाटा त्यांच्या शेजारी बसून ऐका. अवजाराला धार लावणं सोपं आहे. ते धरणाऱ्या हाताकडं बघायचं मात्र राहून जातं. ज्या हातानं तुम्हाला भरवलं, तो पूर्ण उघडतो का, एवढं तरी तुम्हाला माहीत असू द्या.

सुईच्या दिवशी सकाळी सखूबाईनं मल्हारीची दहाही नखं कापली होती. नेलकटर योगिनीचं होतं. माझं पातं त्या हातावर पुन्हा कधी टेकलं नाही.